गळाला लावलेले पैसे

१९३२ सालच्या जून महिन्याची दोन तारीख. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पावसाने शेतं चिंब झाली होती, नांगर घालणं शक्य नव्हतं. जॉर्ज पेरी हा विशीच्या उंबरठ्यावरचा गरीब शेतकरी. काम नाही म्हटल्यावर जॅक पेज या मित्राला घेऊन तो माँटगोमेरी लेकवर मासे गरवायला गेला. नाव लेक असलं तरी ओकमल्गी नदीने प्रवाह बदलताना मागे टाकलेलं ते एक जुनं वळण होतं. होडी घरीच ठोकून केलेली. आणि दोघांत मिळून ल्यूअर एकच, क्रीक चब कंपनीचा, रंगवलेल्या लाकडाचा. तो आळीपाळीने फेकायचा. त्या दिवशी पेरीला लागलेला लार्जमाउथ बास २२ पौंड ४ औंस भरला, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वर. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरचं सामान बक्षीस मिळालं. मासा घरच्यांनी शिजवून खाल्ला.

हा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. त्याची बरोबरी मात्र झाली. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या माशापेक्षा औंसभराच्या आतच जड असलेला बास पकडला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार या वजनाच्या माशाला जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांनी पुढे जावं लागतं, म्हणून दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिली गेली. कुरिता ज्या देशाचे, त्या देशाने जगातले सर्वांत देखणे, सर्वांत बारकाईने घडवलेले आणि सर्वांत महागड्यांत मोडणारे ल्यूअर बाजारात आणले आहेत. पण त्या दिवशी त्यांच्या गळाला ल्यूअर नव्हता, जिवंत ब्लूगिल मासा होता.

ल्यूअर म्हणजे खोटं आमिष. लाकूड, धातू, प्लास्टिक किंवा रबरासारख्या मऊ पदार्थाचं. कोळंबी, बोयटं किंवा गांडूळ गळाला लावण्याऐवजी हे पाण्यात फेकायचं आणि रीळ फिरवत असं ओढायचं, की माशाला ते जिवंत वाटावं. अमेरिकेत मेप्ससारखा साधा स्पिनर पाच डॉलरच्या आसपास मिळतो, रापालाचा मूळ फ्लोटर दहाच्या आसपास, मेगाबासचा व्हिजन ११० पंचवीस-तीसला. हाताने घडवलेले वीतभर लांबीचे सांध्यांचे स्विमबेट शंभर डॉलरला सुरू होतात आणि तीनशेच्या पुढेही जातात. आपल्याकडे चिनी बनावटीचा बिननावाचा ल्यूअर शंभर-दीडशे रुपयांत येतो, रापाला सातशे ते दीड हजारांत, आणि चांगला जपानी ल्यूअर दोन हजारांवर. कोकणच्या जेट्ट्यांवर रॉड घेऊन उभ्या राहणाऱ्या तरुणांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्यांतल्या कित्येकांच्या दृष्टीने दोन हजार ही चैन नाही, दोन-तीन दिवसांची मजुरी आहे. म्हणून महाग ल्यूअर खरंच पैसे वसूल करतो का, या प्रश्नाचं उत्तर नीट शोधायला हवं.

महागड्या ल्यूअरची गोष्ट एका गरीब माणसापासून सुरू होते. लाउरी रापाला हे फिनलंडमधले मच्छीमार. पायएन्ने सरोवरात शेकडो गळांची लांब दोरी टाकायची, प्रत्येक गळाला जिवंत लहान मासा लावायचा, आणि मिळालेल्या मासळीवर घर चालवायचं, हा त्यांचा धंदा. आमिषाची मासळी रोज पकडण्यातच निम्मा दिवस जाई. होडीत बसल्या-बसल्या त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती. मोठा मासा लहान माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा हाती लागेल तो पकडत नाही. जो जरा लंगडतो, एका अंगाला कलून थरथरत पोहतो, त्याला तो हेरतो. १९३६ साली रापालांनी बुचाच्या लाकडाचा तुकडा चाकूने तासून माशाचा आकार दिला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली. लाखेसाठी पैसे नव्हते, म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. खरी कारागिरी चालीत होती. ओढला की तो तुकडा जखमी माशासारखा डावी-उजवीकडे डुलत जाई.

पुढे बुचाची जागा बाल्साने घेतली, मुलं हाताशी आली, आणि प्रत्येक ल्यूअर पाण्यात ओढून त्याची चाल तपासल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही असा घरचा दंडक झाला. १९५९ मध्ये मिनेसोटातल्या रॉन वेबर यांच्या नजरेला हा ल्यूअर पडला, आणि रे ऑस्ट्रम या भागीदाराबरोबर ते तो अमेरिकेत आणू लागले. मग १९६२ चा ऑगस्ट आला. मेरिलिन मन्रो वारली आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर घेतलं. तो अंक घरोघर गेला. त्याच अंकात रापालाच्या ल्यूअरवर लेख होता. मागणी इतकी उसळली की माल बराच काळ पुरेना. काही दुकानांत हे ल्यूअर अनामत घेऊन दिवसाच्या भाड्याने देत, असं त्या काळातले लोक सांगतात. म्हणजे रापालाचा फ्लोटर हा त्या काळचा ‘प्रीमियम’ ल्यूअर होता. आज तोच दहा डॉलरचा, सगळीकडे मिळणारा आणि मधल्या किमतीचा समजला जातो. चाल तीच आहे आणि मासे आजही तितक्याच निष्ठेने त्यावर येतात.

मग वरचे पैसे जातात कशात?

पहिली गोष्ट फेकण्याची. बाल्साचा फ्लोटर हलका असतो. वारा समोरून असेल तर तो हवेत गिरकी घेऊन पंधरा-वीस मीटरवर पडतो. महाग जपानी ल्यूअरच्या पोटात टंगस्टनचे किंवा पोलादाचे गोळे एका मार्गिकेत ठेवलेले असतात. फेकताना ते शेपटाकडे सरकतात, त्यामुळे ल्यूअर शेपूट पुढे करून सरळ दूर जातो. पाण्यात पडून ओढायला लागलं की गोळे परत पुढे येऊन बसतात आणि चाल सुरू होते. ही रचना वरवर सोपी दिसते, पण गोळा अडकला नाही पाहिजे, आवाज हवा तेवढाच झाला पाहिजे आणि पोट फुटलं नाही पाहिजे. याला चांगला साचा लागतो आणि साच्याला पैसे लागतात. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला मासे जिथे आहेत तिथपर्यंत आमिष पोहोचणं हाच अर्धा खेळ असतो. होडीतून फेकणाऱ्याला या जास्तीच्या अंतराचं फारसं मोल नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. मेगाबास ही हामामात्सुमधली कंपनी. यामाहाचे पियानो आणि सुझुकीच्या मोटारसायकली ज्या गावाने जगाला दिल्या, तेच हे गाव. युकी इतो यांनी १९८६ मध्ये ती सुरू केली. त्यांचा व्हिजन ११० झटके देऊन ओढायचा आणि मध्येच थांबवायचा असतो. थांबवला की तो वर तरंगत नाही आणि खालीही बुडत नाही, होता त्या खोलीवर मान किंचित खाली घालून उभा राहतो. हिवाळ्यात गारठलेला बास पाठलाग करत नाही, तो बघत राहतो. ल्यूअर पाच-सहा सेकंद एका जागी निश्चल राहिला तरच तो पुढे येतो. इथे ग्रॅमच्या अंशाचा फरक पडतो. पाण्याचं तापमान बदललं की त्याची घनता बदलते, जड गळ लावला की ल्यूअर बुडू लागतो. स्वस्त नकलेच्या पाकिटावरही ‘सस्पेंडिंग’ असंच लिहिलेलं असतं. पण एकाच खोक्यातला एक नग तरंगतो, दुसरा बुडतो आणि तिसरा एका कुशीवर झोपतो. अशा ल्यूअरसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस फसत नाही. प्रत्येक नग सारखा निघावा, यासाठी तो पैसे देत असतो.

तिसरी गोष्ट मजबुतीची, आणि तिची खरी परीक्षा समुद्रात होते. जायंट ट्रेव्हली, म्हणजे जीटी, हा प्रवाळाच्या कडेला शिकार करणारा पन्नास किलोंच्या पुढे जाऊ शकणारा मासा. त्यासाठी मुंबई-पुण्याचे हौशी लोक अंदमानला जातात. या माशासाठीचे जपानी हातघडणीचे लाकडी पॉपर शंभर डॉलरच्या घरात असतात. त्यांच्या नाकापासून शेपटापर्यंत एक अखंड जाड तार आरपार गेलेली असते आणि गळ त्या तारेलाच अडकवलेले असतात. लाकूड चिरलं तरी मासा सुटत नाही. स्वस्त पोकळ प्लास्टिकच्या ल्यूअरमध्ये कडी नुसती प्लास्टिकमध्ये रुतवलेली असते. पहिल्याच जीटीने ती उपटून नेली तर विमानाचं, बोटीचं आणि वाटाड्याचं सगळं भाडं तिच्याबरोबर गेलं. तिथे ल्यूअरवर पैसे वाचवणं हा वेडेपणा आहे.

रंगाचं मात्र वेगळं आहे. दुकानात सगळ्यात जास्त पैसे रंग काढतो. खवल्याखवल्याचं छायाचित्रासारखं चित्र, पापणीची छटा, पोटावरची मोत्याची झाक. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बासच्या डोळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यात रंग ओळखणारे शंकू दोनच प्रकारचे आढळले, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारा. माणसाकडे तीन असतात. प्रयोगात बास लाल रंग चांगला ओळखत होते, पण झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत ते गोंधळले, तसंच गडद निळा आणि काळा यांतही. म्हणजे दुकानात ज्या दोन छटांमधून निवड करताना गिऱ्हाइकाचा अर्धा तास जातो, त्या बासला बहुधा एकच दिसतात. शिवाय पाण्यात खोल जाताना लाल रंग सर्वांत आधी विझतो. आणि आपल्या खाड्यांसारख्या गढूळ पाण्यात माशाला डोळ्यांइतकीच अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी संवेदनरेषा उपयोगी पडते. पाण्यातली थरथर तो तिच्याने ओळखतो. तिला मोत्याची झाक कळत नाही, डुलणं कळतं.

‘नवीन महाग ल्यूअर घेतला आणि पहिल्याच दिवशी मासा लागला’ हा अनुभव पुष्कळांचा आहे आणि तो खोटा नसतो. त्याचं एक कारण नेदरलँड्समधल्या जुन्या प्रयोगात सापडतं. जे. जे. ब्यूकेमा यांनी १९७० मध्ये पाइक माशांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पिनरला एकदा लागून सुटलेला पाइक पुढे बराच काळ स्पिनरला तोंड लावत नव्हता, जिवंत आमिषाला मात्र पुन्हा लागत होता. म्हणजे ज्या पाण्यात रोज वीस जण तोच ल्यूअर ओढतात, तिथले मासे तो ओळखू लागतात. अशा ठिकाणी पाण्याला अनोळखी असलेला कोणताही ल्यूअर काही दिवस चालतो, मग तो दोन हजारांचा असो की दीडशेचा. दुसरं कारण माणसाच्या बाजूचं आहे. ज्याला दोन हजार मोजले, तो ल्यूअर माणूस दिवसभर बांधून ठेवतो आणि लक्ष देऊन ओढतो. स्वस्तातला दहा फेकींत बदलून टाकतो. मग मासा कुणाच्या खात्यावर जमा होणार, हे उघड आहे.

स्वस्त ल्यूअर कसा मौल्यवान होतो, याचं ठळक उदाहरण स्टॉर्म कंपनीचा विगल वॉर्ट. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी बनणारा हा पोटफुगा, प्लास्टिकचा, साधासा ल्यूअर कधीच चैनीची वस्तू नव्हता. १९९९ मध्ये रापालाने स्टॉर्म विकत घेतली आणि उत्पादन बदललं. जुने विगल वॉर्ट ओढताना मध्येच बाजूला झेप घेतात, पुन्हा सरळ होतात. हा अनियमितपणा नव्यांत नाही, अशी अमेरिकेतल्या जाणकार गरवणाऱ्यांची ठाम समजूत झाली. आज ते जुने, घासलेले, रंग उडालेले ल्यूअर नव्याच्या कितीतरी पट किमतीला विकले जातात, आणि घेणारे ते काचेत ठेवत नाहीत, मिसुरीच्या खडकाळ तलावांत फेकतात. संग्राहकांचा बाजार याहून निराळा. रायली हॅस्केल यांनी १८५९ मध्ये पेटंट घेतलेल्या तांब्याच्या मासोळीचा एक मोठा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला. त्या किमतीचा मासेमारीशी काहीही संबंध नाही.

जपानची कथा इथे थोडी सांगायला हवी, कारण महाग ल्यूअरच्या मागे असलेला मासा त्या देशाचा नाहीच. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने अमेरिकेहून लार्जमाउथ बास आणून आशी सरोवरात सोडला. ब्लूगिल १९६० मध्ये आला. शिकागोच्या महापौरांनी तो तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिला होता. खाण्याला उपयोगी पडेल म्हणून संशोधन संस्थेला दिलेला तो मासा पुढे बिवासकट सगळीकडे पसरला आणि स्थानिक मासळीवर संकट बनला. सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बिवा सरोवर असलेल्या शिगा प्रांतात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे. अमेरिकेत उलट चित्र. तिथे १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावर १० टक्के अबकारी कर उत्पादकाकडून किंवा आयातदाराकडून घेतला जातो आणि तो पैसा राज्यांना मासळीच्या संवर्धनासाठी, तलाव-नद्यांच्या देखभालीसाठी मिळतो. पंचवीस डॉलरच्या ल्यूअरमधला काही भाग अशा रीतीने पाण्याकडे परत जातो. आपल्याकडे आयात शुल्क, वाहतूक आणि जीएसटी मिळून किंमत वाढते, पण त्यातलं खाडीकडे काही वळत नाही. ही उणीव कुणीतरी मनावर घ्यायला हवी.

बासमास्टर क्लासिकसारख्या स्पर्धेत पहिलं बक्षीस ३ लाख डॉलरचं असतं. तिथे उतरणाऱ्याने तीस डॉलरचे पन्नास ल्यूअर घेतले तरी तो शहाणाच ठरतो, शिवाय त्याला बहुतेक ते कंपनीकडून मिळतात. त्याची निवड पाहून आपली निवड करणं धोक्याचं. त्याचा हिशेब वेगळा, रेवस किंवा दाभोळला संध्याकाळी भरतीच्या वेळेवर येणाऱ्या माणसाचा वेगळा.

कोकणच्या खाड्यांत ल्यूअरवर गरवणाऱ्यांच्या मनातला मासा बहुतेक वेळा जिताडा असतो. ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात तोच हा. रायगडात त्याची प्रतिष्ठा सुरमई-पापलेटच्या बरोबरीची, काही घरांत त्यांच्याही वरची. जिताडा पाठलाग करणारा मासा नाही. खांबाच्या आडोशाला, खारफुटीच्या मुळांत किंवा ओहोटीचं पाणी जिथून वळसा घेतं तिथे तो दबा धरून बसतो आणि आमिष जवळ आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. म्हणजे ल्यूअर अडचणीच्या जागी फेकावाच लागतो, आणि अडचणीच्या जागी ल्यूअर अडकतात. जुनं जाळं, शिंपल्यांनी भरलेला खांब, बुडालेलं लाकूड. दोन हजारांचा ल्यूअर बांधलेला माणूस खांबापासून चार हात लांब फेकतो, दीडशेचा बांधलेला खांबाला घासून फेकतो. जिताडा खांबाला चिकटून असतो.

पण दीडशेच्या ल्यूअरचा एक दोष इथे नडतो, तो म्हणजे गळ. त्यावरचे तीन टोकांचे ट्रेबल गळ बहुधा गोड्या पाण्यातल्या लहान माशांसाठीच्या पातळ तारेचे असतात. खाऱ्या पाण्यात ते आठवड्याभरात गंजतात. जिताड्याचा जबडा ते चक्क चेपतो, आणि गळ अडकवलेली स्प्लिट रिंग उघडते. मासा लागला, उडाला, आणि दोरी हलकी झाली. ही हळहळ किनाऱ्यावर नेहमीची आहे. यावर उपाय नव्या ल्यूअरमध्ये नाही. व्हीएमसी, मुस्टाड किंवा ओनरचे जाड, गंजरोधक ट्रेबल आणि तितक्याच तोलामोलाच्या रिंगा घेऊन त्याच स्वस्त ल्यूअरला लावाव्यात, दोन-अडीचशे रुपयांत काम होतं. मुस्टाड ही नॉर्वेतली १८३२ सालची कंपनी. व्हीएमसी फ्रेंच, २००० सालापासून रापालाच्याच छत्राखाली. गळ बनवणं ही यांची पिढीजात विद्या आहे आणि इथे दिलेला प्रत्येक रुपया माशापर्यंत पोहोचतो. जड गळांनी ल्यूअर बुडू लागला तर किनाऱ्याशी आधी तपासून घ्यावं. तो ओढताना डावीकडे कलत असेल तर पुढची कडी पकडीने हलकेच उजवीकडे वळवावी, उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. जे रापाला कुटुंब प्रत्येक ल्यूअरवर हाताने करत असे, ते पाच मिनिटांत जेट्टीवर करता येतं.

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, म्हणून ल्यूअरच्या पुढे लीडर, म्हणजे हातभर जाड दोरीचा तुकडा, हवाच. तो नसेल तर महाग आणि स्वस्त दोन्ही ल्यूअर सारख्याच वेगाने जातात.

ज्याच्या हातात महिन्याला हजार रुपये आहेत, त्याने ते असे लावावेत: दीड-दोनशेचे दोन-तीन मध्यम आकाराचे डुलणारे ल्यूअर, चांगले गळ आणि रिंगा, लीडरची एक रीळ. पुढे कधी पैसे जमले तर पहिला महाग ल्यूअर लांब जाणारा घ्यावा, कारण किनाऱ्यावरून तीच उणीव सर्वांत जास्त जाणवते. रंग एक उजळ आणि एक गडद, एवढे पुरे. अंदमानला जीटीसाठी जायचं ठरलं तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून आरपार तारेचे पॉपर घ्यावेत.

एक गोष्ट पैशाची नाही, पण ल्यूअर निवडताना लक्षात घेण्यासारखी आहे. जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून, आणि वाढता-वाढता मादी होतो. त्यामुळे खाडीतले सगळ्यांत मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात, लाखो अंडी घालणाऱ्या. ट्रेबलच्या सहा-सहा टोकांत अडकलेला असा मासा सोडवताना कल्ले फाटतात आणि सोडला तरी तो जगेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात काही जण ट्रेबल काढून एकटोकी मोठे गळ लावतात. मासा सुटण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही, असं ते सांगतात. रेवसच्या जेट्टीवरही हे करता येईल, आणि एकटोकी गळ ट्रेबलपेक्षा स्वस्तच पडतो.